अंदाजाची चिठ्ठी

टिकली रोज लंगडत नव्हती, हीच खरी अडचण होती. रोज लंगडणारा घोडा कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. ही एका सकाळी ठाणातून बाहेर पडताना दोन पावलं चुकवायची आणि मैदानावर पोचेपर्यंत सरळ व्हायची. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी वळणावर उजवा मागचा पाय हलकेच आखडता घ्यायची. कुमैत रंग, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका, जातीने थरोब्रेड, नुकतीच दोन वर्षं पूर्ण केलेली घोडी. पुण्याच्या रेसकोर्सवर तिची तालीम चालू होती. जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा हंगाम, त्यानंतर मुंबईचा. टिकलीची पहिली शर्यत हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर होईल, असं ट्रेनरसाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिचे मालक आबा हे नीरेकाठचे बागायतदार. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टं एके काळी मराठी फौजेचा कणा होती. बुटकी, काटक, मूठभर चंदीवर कोसच्या कोस जाणारी. आबांच्या पणजोबांच्या दारात अशी दोन तट्टं बांधलेली असत, एवढं घरात ऐकलेलं. त्या ऐकीव अभिमानापोटी आबांनी उतारवयात ही एक घोडी घेतली. शर्यतीतलं गणित त्यांना फारसं कळत नसे. रविवारी गाडी करून यायचं, टिकलीच्या मानेवर हात फिरवायचा, गाजर द्यायचं आणि परत जायचं, असा त्यांचा क्रम.

लंगडण्याची बातमी तबेल्यात फिरली आणि ज्याच्या त्याच्याकडे उत्तर तयार निघालं.

नालबंदचाचांनी नाल काढली, चिमट्याने खूर चारी बाजूंनी दाबून पाहिला. घोडीने पाय झटकला नाही. तरीही चाचा म्हणाले, “टाच थोडी खाली गेलीय. नाल बदलतो, चार दिवसांत बघा.” चाचांचं सगळं आयुष्य खुरात गेलेलं. दहांतली सात लंगडी घोडी खुरातूनच बरी झालेली त्यांनी पाहिली होती, त्यामुळे आठवंही तिथूनच बरं होणार असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं.

सईसकाका रोज पहाटे खरारा करणारे. त्यांचा हात टिकलीच्या अंगावरून जितका फिरला तितका कुणाचाच फिरला नव्हता. उजवा पुठ्ठा डाव्यापेक्षा थोडा बसल्यासारखा लागतो, हे त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं. त्यावरून त्यांनी निदानही केलं, “पुठ्ठ्यात भरलंय.” रात्री कोमट तेल चोळायला सुरुवात झाली.

ट्रेनरसाहेबांचं म्हणणं वेगळं. त्यांनी आधीच कुणाकडून तरी त्या पायाच्या गुडघ्याचा बाजूने एक एक्स-रे काढून घेतला होता. त्यात काही नव्हतं. “फोटो साफ आहे,” ते म्हणायचे, “घोडी अंगचोर आहे. काम वाढवा, सुटेल.” काम वाढवलं. घोडी सुटली नाही, उलट लंगडणं आठवड्यातून दोनदाऐवजी चारदा दिसू लागलं. शेवटी आबाच म्हणाले की आता तिला अश्वरुग्णालयात न्या, खर्चाचं मी बघतो.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाई हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या. त्यांनी टिकलीला हात लावण्याआधी एक वेगळीच गोष्ट केली. टेबलावरचे कोरे कागद उचलून सगळ्यांना एकेक दिला. “दुखणं कुठे आहे असं वाटतं, ते लिहा. घडी घाला आणि या डब्यात टाका.” चाचांनी लिहिलं, सईसकाकांनी लिहिलं, ट्रेनरसाहेबांनी थोडं अनिच्छेने लिहिलं. डॉक्टरबाईंच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरने लिहिलं आणि शेवटी स्वतः डॉक्टरबाईंनीही लिहिलं. डब्याला झाकण लावलं.

“हे कशाला, मॅडम?” ट्रेनरसाहेबांनी विचारलं.

“माझ्यासाठीच. मनात अंदाज ठेवून घोडं बघायला लागलं की आपण आपलंच घोडं दामटतो. लिहून टाकला की त्याची राखण करायची गरज उरत नाही.”

तपासणी सुरू झाली ती नुसत्या बघण्याने. टिकलीला सपाट फरशीवर चौरस उभं केलं. डॉक्टरबाई मागे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उजव्या पुठ्ठ्याचा स्नायू खरंच थोडा उतरला होता, सईसकाकांचा हात खोटं बोलत नव्हता. पण स्नायू उतरतो तो पाय कमी वापरल्यामुळे. कारण त्या पायात कुठेही असू शकतं, अगदी खुरातसुद्धा. मग सईसकाकांनी तिला दोराने धरून कडक जमिनीवर दुडक्या चालीने सरळ पळवलं. सरळ रेषेत फारसं काही दिसेना. गोलात फिरवली, दुखरा पाय आतल्या बाजूला ठेवून, तेव्हा उजवा पुठ्ठा प्रत्येक पावलाला डाव्यापेक्षा जास्त वरखाली होऊ लागला. मागच्या पायाचं लंगडणं असंच पुठ्ठ्याच्या हलण्यात दिसतं, दुखणं कुठेही असलं तरी. म्हणूनच शतकानुशतकं लोक मागच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याच्या पुठ्ठ्यालाच तेल चोळत आले आहेत. जे हलताना दिसतं तेच दुखत असणार असं वाटतं, आणि त्यात कुणाचा मूर्खपणा नाही, डोळ्याचा स्वभावच तसा आहे.

पाचापैकी दोन, असा लंगडण्याचा अंक तरुण डॉक्टरने वहीत लिहिला. शून्य म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे पाय टेकवताच न येणं.

नंतर पाय वाकवून धरायची परीक्षा. मागचा पाय वर उचलून मिनिटभर घट्ट दुमडून धरायचा, सोडायचा आणि लगेच पळवायचं. टिकली पहिली सात-आठ पावलं चांगलीच लंगडली. “हॉक!” तरुण डॉक्टर उत्साहाने म्हणाला. हॉक म्हणजे मागच्या पायाचा मधला, मागे टोकदार दिसणारा सांधा. पुष्कळ लोक त्यालाच घोड्याचा मागचा गुडघा समजतात, पण तो खरं तर आपल्या घोट्याच्या जागी असतो. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाला लागून असतो आणि डॉक्टर त्याला स्टायफल म्हणतात.

“स्टायफल न वाकवता हॉक वाकवून दाखव बरं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने प्रयत्न केला. जमलं नाही, जमणारच नव्हतं. घोड्याच्या मागच्या पायात पुढून एक आणि मागून एक असे दोन भक्कम स्नायुबंध या दोन सांध्यांना असे जखडतात की एक वाकला की दुसरा वाकतोच. त्यामुळे ही परीक्षा पाय दुखतो एवढं सांगते, दोघांपैकी कोण दुखतो हे सांगत नाही.

आता खालून वर जायचं होतं. याला धीर लागतो आणि धीर विकत मिळत नाही. खुराकडे जाणाऱ्या नसांजवळ बधिर करणारं औषध टोचायचं, दहा मिनिटं थांबायचं, त्वचा बधिर झाल्याची खात्री करायची आणि पुन्हा पळवायचं. लंगडणं थांबलं तर दुखणं त्या बधिर भागात आहे. थांबलं नाही तर तेवढा भाग निर्दोष. टिकलीचा खूर बधिर केला, ती तशीच लंगडली. चाचा डब्याकडे बघून गप्प झाले. त्याच्या वरचा फेटलॉकचा सांधा बधिर केला, ती तशीच लंगडली. मग हॉकच्या वर, पायात उतरणाऱ्या दोन मोठ्या नसा. या खोल असतात, औषध मुरायला अर्धा तासही लागतो. अर्ध्या तासाने हॉकपासून खुरापर्यंतचा सगळा पाय बधिर होता आणि टिकलीचा पुठ्ठा पहिल्यासारखाच वरखाली होत होता.

संध्याकाळ झाली होती. ट्रेनरसाहेबांचा संयम सुटला. “मॅडम, दिवसभरात तुम्ही फक्त काय नाही ते सांगितलंत.”

“हो. आणि आता तिथे कुणी तिला विनाकारण टोचणार नाही, भाजणार नाही, नाला बदलणार नाही. उद्या वरचं बघू. आजचं औषध उतरल्याशिवाय पुढचं टोचलं तर दोन्हींचा गोंधळ होईल.”

मला या बाईंचं हे उत्तर फार मोलाचं वाटतं. डॉक्टरकडे गेल्यावर माणसाला, आणि घोड्याच्या मालकालाही, एक नाव हवं असतं. नाव मिळालं की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. एखादा दिवसभर राबून चार नावं खोडून देतो, त्याचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. पण मुक्या जनावराच्या बाबतीत प्रत्येक खोडलेल्या नावामागे त्याच्या अंगावरची एक चुकीची सुई वाचते.

दुसऱ्या दिवशी स्टायफल. या एका सांध्यात तीन कप्पे असतात, वाटीच्या हाडाचा एक आणि मांडीच्या हाडाच्या दोन गोल टोकांचे दोन. सर्वांत जास्त भार येतो तो आतल्या बाजूच्या गोल टोकावर. डॉक्टरबाईंनी तिथे बोटांनी चाचपलं. किंचित भरल्यासारखं, इतकं किंचित की आदल्या दिवशी तिथे हात लावूनही कुणी पैज लावली नसती. आतल्या कप्प्यात औषध टोचलं. दहा मिनिटांनी थोडा फरक. अर्ध्या तासाने लंगडणं निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही.

“निम्मंच?” तरुण डॉक्टर.

“सांध्याच्या आतलं औषध अस्तराला बधिर करतं. दुखणं खाली हाडात असेल तर तिथपर्यंत ते पुरतं पोचत नाही. निम्मं गेलं, हीसुद्धा खूणच आहे.”

“पण तिथला फोटो तर साफ आहे!” ट्रेनरसाहेबांनी आपला जुना एक्स-रे पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो उजेडात धरला. फोटो चांगला होता, स्वच्छ होता. फक्त बाजूने काढलेला होता. बाजूने बघताना मांडीच्या हाडाची दोन्ही गोल टोकं एकावर एक पडतात आणि धडधाकट टोक दुखऱ्या टोकाला झाकून टाकतं. त्यांनी टिकलीला हलकी गुंगी दिली, प्लेट गुडघ्याच्या पुढे धरायला लावली आणि मागून फोटो घेतला. मग गुडघा वाकवून आणखी एक.

पडद्यावर चित्र आलं. आतल्या गोल टोकात, अगदी भार पडतो त्या जागी, एक काळी गोल पोकळी. भोवती पांढऱ्या दाट हाडाचं कडं. पोकळीपासून सांध्याच्या पृष्ठभागाकडे जाणारी एक अरुंद मान. घोड्यांच्या हाडांतल्या अशा पोकळ्यांची ही सर्वांत नेहमीची जागा. दोन्ही पायांना होण्याची शक्यता असते म्हणून डाव्याचाही फोटो घेतला. तिथे त्याच जागी एक उथळ खळगा होता. तो दुखत नव्हता.

डबा उघडला गेला. चाचांची चिठ्ठी: खूर. सईसकाकांची: पुठ्ठा. ट्रेनरसाहेबांची: कुठेच नाही, खोड आहे. तरुण डॉक्टरची: हॉक. शेवटची घडी उलगडली, ती डॉक्टरबाईंच्या अक्षरातली. तिच्यावरही हॉक लिहिलेलं होतं.

कुणीच काही बोललं नाही. चाचांनी आपली चिठ्ठी परत मागून घेतली आणि खिशात ठेवली.

त्या रविवारी आबा आले. “डॉक्टर, गाठ म्हणजे कॅन्सर काय?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

नाही, डॉक्टरबाईंनी समजावलं. ही गाठसुद्धा नाही. हाडातली पोकळी आहे, तिच्यात थोडा द्रव आणि तंतुमय ऊती असते. शिंगरू वाढतं तेव्हा सांध्याच्या टोकाशी कूर्चा जाड होत जाते आणि तिचं हाड बनत जातं. एखाद्या जागी हे काम नीट होत नाही, मऊ ठिगळ तसंच राहतं. किंवा कोवळ्या वयात कूर्चेला बारीकशी चीर पडते. मग प्रत्येक पावलाला सांध्यातला द्रव त्या चिरेतून खालच्या हाडावर दाबला जातो. पोकळीचं अस्तर स्वतःच दाह पेटवणारी द्रव्यं तयार करतं, ती भोवतालचं हाड विरघळवतात आणि पोकळी आपली वाट आपणच रुंद करते. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत हे मुकाट चालू असतं. तालमीचा भार पडू लागला की लंगडणं दिसतं.

आबा थोडा वेळ विचार करत राहिले. “म्हणजे घुशीने पोखरलेली जमीन. वरून सारवलेली, चोपलेली, गुळगुळीत. पाय पडेपर्यंत कळत नाही.”

“तसंच.”

मग काय करायचं याचा विचार झाला, आणि खरं सांगायचं तर निदानापेक्षा हे अवघड होतं. ट्रेनरसाहेबांचा आग्रह सांध्यात स्टेरॉइड टोचण्याचा होता. दोन आठवड्यांत घोडी सरळ पळेल आणि शर्यतीपर्यंत औषध अंगातून निघून जाईल. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. असं इंजेक्शन देतात, काही घोड्यांना विश्रांतीसोबत त्याचा उपयोगही होतो, हे त्यांनी मान्य केलं. “पण तुम्ही विश्रांती देणार नाही. तिचं दुखणं मी झाकीन आणि त्याच पायावर तुम्ही तिला भरधाव सोडाल. आज ती पाय आखडता घेते ते स्वतःला वाचवायला. ते वाचवणं मी काढून घेऊ?”

दुसरा मार्ग सहा महिने नुसती विश्रांती. काही घोडी त्यावर सुधारतात. पण टिकलीची पोकळी मोठी होती आणि लंगडणं वाढत चाललं होतं.

तिसरा मार्ग दुर्बिणीने आत जाऊन पोकळी खरवडून साफ करायचा. कैक वर्षं हीच पद्धत चालत आली. २००२ साली प्रसिद्ध झालेला दीडशे थरोब्रेड घोड्यांचा एक अभ्यास डॉक्टरबाईंनी आबांना सोप्या भाषेत सांगितला. खरवडल्यावर सांध्याच्या पृष्ठभागावरची जखम १५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान राहिली, त्यांतले सुमारे ७० टक्के घोडे पुढे शर्यतीत उतरले. जखम त्याहून रुंद झाली, त्यांतले जेमतेम ३० टक्के. पोकळी किती खोल आहे यापेक्षा वरची कूर्चा किती गेली, यावर बरंच अवलंबून होतं.

चौथा मार्ग त्या मानाने नवा. २०१५ साली अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी वीस घोड्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. माणसाच्या मोडलेल्या हाडात बसवतात तसा ४.५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू हाडाच्या कडेने आत घालून पोकळीच्या आरपार बसवायचा. हाडावर येणारा ताण त्याने बदलतो आणि पोकळीच्या भोवती नवं हाड धरू लागतं. वरच्या कूर्चेला हात लावावा लागत नाही. वीसांतले पंधरा घोडे लंगडायचे थांबले.

“म्हणजे पाच नाही थांबले,” आबा म्हणाले.

“नाही थांबले. आणि वीस हा आकडाही लहान आहे. शिवाय पूर्ण भूल द्यावी लागेल. पोटशूळाचे घोडे सोडले तरी भूल दिलेल्या शंभर घोड्यांत जवळपास एक दगावतो. शुद्धीवर येताना उठायच्या धडपडीत पाय मोडणं, हे त्याचं एक मोठं कारण आहे.”

आबांनी ट्रेनरसाहेबांकडे पाहिलं, मग सईसकाकांकडे. “महालक्ष्मी राहू द्या यंदा,” ते म्हणाले. “करा.”

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री टिकलीला चारा बंद. सकाळी नाला काढल्या, खूर घासून धुतले, तोंडात पाणी मारून दातांमधले गवताचे कण काढले, कारण श्वासाची नळी जाताना तेच फुप्फुसात जाऊ शकतात. मानेच्या शिरेत सुई, आधी गुंगी, मग भूल. गादी लावलेल्या भिंतीला टेकून ती हळूच खाली बसली. साडेचारशे किलोच्या देहाला चारही पायांना पट्टे बांधून यारीने उचललं आणि टेबलावर उताणं ठेवलं. इतक्या वजनाखाली स्नायू दाबून राहिले तर तेच निकामी होतात, म्हणून टेबलाला जाड गादी होती आणि कामाला वेळेची मर्यादा होती.

चार मिलिमीटरची दुर्बीण सांध्यात गेली. पडद्यावर पांढरीशुभ्र, चकचकीत कूर्चा दिसली. गुडघा पूर्ण वाकवल्यावर गोल टोकाच्या ऐन माथ्यावर एक छोटी खळी, तिच्या मध्यभागी केसाएवढी चीर. डॉक्टरबाईंनी शोधनीचं टोक तिथे नेलं, ते चिरेतून सहज खाली घसरलं. खाली पोकळी होती. वरून दिसत होती त्याच्या कितीतरी पट रुंद.

तरुण डॉक्टरचा हात खरवडणीकडे गेला. हा हात कुणाचाही गेला असता. खराब जागा डोळ्यांसमोर आहे, हत्यार हाताशी आहे, आत जाऊन सगळी घाण काढून टाकावी असं वाटणं हा शस्त्रक्रिया शिकणाऱ्याचा धर्मच असतो.

“ही कूर्चा दाबून बघ,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने शोधनीने खळीच्या भोवती दाबून पाहिलं. कूर्चा घट्ट होती, कुठे सुटलेली नव्हती.

“खालचं सगळं काढायचं तर ही धड कूर्चा फोडावी लागेल. कूर्चा पुन्हा होती तशी उगवत नाही. जी तिला जन्मभर पुरवायची आहे ती आपण आपल्या समाधानासाठी फोडायची नाही.”

खरवडणी ट्रेमध्ये परत गेली. एक्स-रेच्या मार्गदर्शनाखाली ड्रिलची दिशा ठरली, तपासली, एकदा बदलली, पुन्हा तपासली. या कामात सगळ्यात जास्त वेळ दिशा ठरवण्यात गेला. स्क्रू बसायला काही मिनिटंच लागली.

शुद्धीवर येण्याची खोली चारही बाजूंनी गाद्यांची. डोक्याला एक दोर, शेपटीला एक दोर, दोन्ही भिंतीतल्या कड्यांतून बाहेर आलेले. दोरावर माणसं उभी होती, त्यांत शेपटीच्या दोरावर सईसकाका. टिकली आधी छातीवर बसली, डोकं डोलवत राहिली. पहिल्यांदा उठायला गेली आणि कोसळली. सईसकाकांनी दोर सैल केला नाही, ओढलाही नाही, फक्त तिच्या वजनाबरोबर ताण देत राहिले. दुसऱ्या खेपेला ती उभी राहिली, चारी पाय फाकून, थरथरत. सईसकाका तिचं नाव घेत राहिले, खराऱ्याच्या वेळी घेतात त्याच आवाजात.

पुढचे महिने कुणाचीच परीक्षा संपली नाही. टाके काढेपर्यंत ठाणातच. मग सईसकाकांनी दोर धरून चालवायचं, आधी दहा मिनिटं, मग वीस. कोवळ्या वयाची घोडी, अंगात जोम, ठाणात उभी राहून कंटाळून दरवाजा चावायची. ओट कमी केले, सुकं गवत वाढवलं. दोन महिन्यांनी फोटो काढला तर पोकळी जवळपास तशीच. ट्रेनरसाहेबांचा चेहरा पडला. डॉक्टरबाईंनी कडेकडेने आलेली पुसट पांढरट छटा बोटाने दाखवली. हाड घाई करत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

चौथ्या महिन्यात ती दुडक्या चालीने सरळ पळाली, गोलातही पळाली. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी सारखा. ट्रेनरसाहेब म्हणाले, “बघा मॅडम, झाली! सोडू का मैदानावर?” डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. सरळ चाल, गोल, पाय दुमडून धरणं. दुमडल्यावर पहिल्या तीन पावलांत किंचित काहीतरी होतं. त्यांनी तिला लहान वाड्यात मोकळं सोडण्याची परवानगी दिली, मैदानाची नाही. ट्रेनरसाहेबांनी वाद घातला नाही. पूर्वी घातला असता.

पुढच्या जुलैत पुण्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा टिकली हळूहळू तालमीला लागली होती. तिची पहिली शर्यत पावसाने जड झालेल्या मैदानावर झाली. ती पाचवी आली. आबांनी गाजरं आणली होती, पहिली आल्यावर आणली असती तेवढीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नालबंदचाचांनी तिचे खूर पाहिले, सईसकाकांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, आणि कुणीही काही निदान केलं नाही.

त्याच आठवड्यात ट्रेनरसाहेब दवाखान्यात आले. उजव्या पायाबद्दल बोलायला नाही, डाव्या पायातल्या त्या उथळ खळग्याबद्दल. तो अजून दुखत नव्हता आणि डॉक्टरबाईंनी त्याला हात लावायचा नाही असंच ठरवलं होतं. दर काही महिन्यांनी नुसतं बघायचं होतं. ट्रेनरसाहेबांनी आपली वही उघडली आणि तारीख लिहिली. मग पेन तसंच धरून विचारलं, “मॅडम, फोटो दोन्ही पायांचे घ्यायचे ना? मागून आणि वाकवून?”

“आणि बाजूनेही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी तेही लिहून घेतलं.